कपॅसिटर आणि व्हॅरिस्टर एकाच पेलेटमध्ये: स्ट्रॉन्शियम टायटेनेटची पहिली बॅच करणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या बॅचच्या पेलेट (पावडर दाबून भाजलेल्या सिरॅमिकच्या चकत्या) दिसायला अगदी सुरेख झाल्या होत्या. फिकट पिवळसर, गुळगुळीत, कुठे तडा नाही. एलसीआर मीटरला लावल्या तर कपॅसिटन्स दोनशे पिकोफॅरडच्या आत. अपेक्षा होती दहा हजारांची. शेवटच्या टप्प्यात “जरा नीट भाजू दे” म्हणून तापमान वाढवून त्या मी रात्रभर हवेत ठेवल्या होत्या, आणि आधीच्या तीन आठवड्यांचं काम त्या एका रात्रीत पुसलं गेलं होतं.

गंमत म्हणजे दुसऱ्या बॅचमध्ये ऑक्सिजनला घाबरून मी उलटी चूक केली. तिसरी जमली. जे कुणी हे साहित्य पहिल्यांदाच हातात घेणार आहेत, त्यांच्या पहिल्या दोन बॅच वाचाव्यात म्हणून हे लिहिते आहे.

आधी हे प्रकरण काय ते

विटांची भिंत डोळ्यांसमोर आणा. विटा विजेच्या चांगल्या वाहक आहेत आणि त्यांच्यामधला गिलावा मात्र रोधक आहे. या सिरॅमिकची रचना तशी असते. विटा म्हणजे ग्रेन (स्फटिकाचे कण), आणि गिलावा म्हणजे ग्रेन बाउंड्री. बाहेरून व्होल्टेज दिलं की ते जवळजवळ सगळं त्या पातळ रोधक थरांवर पडतं. थर जितका पातळ तितका कपॅसिटन्स जास्त, म्हणून एरवी ३०० च्या आसपास परमिटिव्हिटी (भार साठवण्याची पदार्थाची क्षमता) असलेलं स्ट्रॉन्शियम टायटेनेट इथे हजारोंमध्ये वागतं. ग्रेन ३० मायक्रॉनचा आणि बाउंड्रीचा थर ०.३ मायक्रॉनचा धरला, तर गुणोत्तर १००, म्हणजे परिणामी परमिटिव्हिटी ३०,०००.

दुसरा गुणही याच बाउंड्रीचा. तिथे इलेक्ट्रॉन अडकून दोन्ही बाजूंना एक ऊर्जेचा बांध तयार होतो. व्होल्टेज मर्यादेत असेपर्यंत बांध टिकतो, मर्यादा ओलांडली की तो वाट देतो आणि करंट झपाट्याने वाढतो. सर्ज (व्होल्टेजची अचानक आलेली लाट) ओसरला की बांध पुन्हा पूर्ववत. हाच व्हॅरिस्टर. झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर जपानमध्ये मात्सुओका यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला, आणि स्ट्रॉन्शियम टायटेनेटमध्ये कपॅसिटर व व्हॅरिस्टर एकत्र आणण्याचं काम १९८० च्या दशकात, तेही जपानमध्येच, पुढे आलं.

झिंक ऑक्साइड हाताशी असताना हा खटाटोप कशाला? एक छोटा हिशोब करा. आयईसी ६१०००-४-२ या मानकातला स्थिरविद्युतीचा धक्का म्हणजे १५० पिकोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये, समजा, ८,००० व्होल्टला साठवलेला भार. तो १ नॅनोफॅरडच्या घटकावर येऊन पडला, तर नुसत्या भारवाटपाने व्होल्टेज साधारण १,०४३ व्होल्ट उरतं. घटक १० नॅनोफॅरडचा असेल तर ११८. व्हॅरिस्टरचं काम अजून हिशोबात धरलेलंच नाही. या धक्क्याची चढती कड नॅनोसेकंदाच्या आतबाहेर असते, त्या पहिल्या क्षणी मोठा कपॅसिटन्स खरा उपयोगी पडतो. छोट्या डीसी मोटरच्या कम्युटेटरवर ठिणग्या शमवायला बसवतात ती काळी रिंग बहुधा याच जातीची असते.

मात्र मर्यादाही ऐकून ठेवा. झिंक ऑक्साइडचा अल्फा, म्हणजे मर्यादेपुढे करंट किती तीव्रतेने वाढतो त्याचा घातांक, सहज ३० ते ५० असतो. इथे दहाच्या आसपास मिळाला तरी समाधान मानायचं. वीजवाहिनीवर येणाऱ्या विजेच्या कडकडाटासाठी हे साहित्य नाही. कमी व्होल्टेजच्या सर्किटसाठी आहे.

काय काय जमवायचं

- स्ट्रॉन्शियम कार्बोनेट, टायटॅनियम डायऑक्साइड, निओबियम पेंटॉक्साइड. शुद्धता ९९.५ टक्के किंवा जास्त, आणि प्रत्येक बाटलीवरच्या लॉटचं विश्लेषणपत्र
- बाउंड्रीसाठी सोडियम कार्बोनेट (पर्याय: बिस्मथ ऑक्साइड, मँगनीज किंवा तांब्याची संयुगं)
- पीव्हीए (पावडर धरून ठेवणारा बाइंडर), इथेनॉल, डीआयोनाइज्ड पाणी, सिल्व्हर पेस्ट, थोडं इंडियम-गॅलियम मिश्रण
- ०.१ मिलिग्रॅम दाखवणारा तराजू. दोन दशांश स्थळांचा चालणार नाही, कारण पुढे येईल
- झिरकोनियाचे गोळे आणि प्लास्टिकची बरणी असलेली बॉल मिल
- १२ मिमीची डाय, हायड्रॉलिक प्रेस
- हवेची मफल फर्नेस आणि वायू सोडता येईल अशी, १,४०० अंशांपर्यंत जाणारी ट्यूब फर्नेस
- नायट्रोजनचा सिलिंडर, आणि ५ टक्के हायड्रोजन व ९५ टक्के नायट्रोजन असा तयार मिश्रणाचा सिलिंडर (लॅबमध्ये याला फॉर्मिंग गॅस म्हणतात)
- एलसीआर मीटर, पल्स देऊ शकणारं सोर्समीटर. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखणारं यंत्र) आणि एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) दुसऱ्या विभागात असतील तर वेळ आधीच मागून ठेवा, रांग नेहमी लांब असते

आणि बांधीव वही. सुटे कागद नकोत. भट्टीचा नेमलेला प्रोग्रॅम आणि प्रत्यक्ष झालेलं तापमान ही दोन्ही लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

१. वजनं

०.१ मोलची बॅच करू. टायटॅनियमच्या १ टक्का जागी निओबियम बसवायचं आहे (यालाच डोपिंग म्हणतात, आणि निओबियम हा डोपंट). निओबियमची संयुजा पाच, टायटॅनियमची चार, त्यामुळे प्रत्येक निओबियम एक इलेक्ट्रॉन जास्तीचा देतं आणि ग्रेन वाहक होतो. दोन्ही आयन आकाराने जवळचे (०.६४ आणि ०.६०५ अँगस्ट्रॉम) असल्याने बदली सहज होते.

स्ट्रॉन्शियम कार्बोनेट: १४.७६३ ग्रॅम
टायटॅनियम डायऑक्साइड: ७.९०७ ग्रॅम
निओबियम पेंटॉक्साइड: ०.१३३ ग्रॅम

तिसऱ्या ओळीवर दर वर्षी कुणीतरी अडखळतं. पेंटॉक्साइडच्या एका रेणूत निओबियमचे दोन अणू आहेत. ०.००१ मोल निओबियम हवं असेल तर ऑक्साइड ०.०००५ मोलच घ्यायचं. हे विसरलात तर दुप्पट डोपिंग होतं, आणि जास्त निओबियमने ग्रेन मोठे व्हायचे थांबतात.

आता पहिल्या ओळीकडे पाहा. कार्बोनेटमध्ये १ टक्का ओलावा असेल तर ०.१४८ ग्रॅमची चूक झाली. तुमच्या अख्ख्या डोपंटपेक्षा ती मोठी आहे! स्ट्रॉन्शियम आणि टायटॅनियमचं प्रमाण इथे फार नाजूक. टायटॅनियम अर्धा टक्का जास्त असेल तर भाजताना ग्रेन झपाट्याने वाढतात. स्ट्रॉन्शियम जास्त झालं तर ग्रेन खुरटतात. म्हणून सगळ्या पावडरी आदल्या रात्री २०० अंशांना वाळवा, डेसिकेटरमध्ये थंड करा, आणि मगच वजन करा. मी टायटॅनियम डायऑक्साइड ०.०४ ग्रॅम मुद्दाम जास्त घालते. म्हणजे अर्धा टक्का. तराजूतली किंवा ओलाव्याची चूक कुठल्याही बाजूला झाली तरी आपण स्ट्रॉन्शियमच्या अंगाला घसरू नये, इतकाच हेतू.

निओबियमऐवजी लॅन्थेनम वापरणाऱ्यांसाठी: लॅन्थेनम ऑक्साइड उघडं राहिलं की हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन भलतंच काही होऊन बसतं. ते ९०० ते १,००० अंशांना भाजून, गरम असतानाच डेसिकेटरमध्ये ठेवून लगेच वजन करायचं. जुन्या बाटलीतून थेट काढलेल्या लॅन्थेनम ऑक्साइडच्या वजनावर विश्वास ठेवू नका.

२. दळणं आणि वाळवणं

इथेनॉलमध्ये १२ ते २४ तास. खलात अर्धा तास घोटून भागत नाही; ०.१३३ ग्रॅम निओबियम बावीस ग्रॅम पावडरीत सारखं पसरायचं आहे. गोळे आधी आणि नंतर तोलून ठेवा, किती झिजले ते कळतं. अगेटचे गोळे टाळा, त्यांच्यातून सिलिका मिसळते आणि ती नेमकी बाउंड्रीवर जाऊन बसते.

दळलेली खीर बीकरमध्ये तशीच रात्रभर ठेवू नका. घनता वेगवेगळ्या (कार्बोनेट साधारण ३.७, टायटॅनियम डायऑक्साइड ४.२), त्यामुळे थर बसतात आणि दळण्याचे सगळे श्रम वाया जातात. मॅग्नेटिक स्टिररवर ढवळत ढवळत, फ्यूम हूडमध्ये वाळवा. इथेनॉलच्या वाफा पेट घेतात, उघड्या कॉइलच्या ओव्हनजवळ ते न्यायचं नाही.

३. कॅल्सिनेशन (पावडरीचं पहिलं भाजणं)

१,१०० ते १,१५० अंश, चार तास, हवेत. झाकण पूर्ण घट्ट नको, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायचा आहे. तो किती पडला हेच सर्वात स्वस्त मोजमाप: सुरुवातीच्या वजनाच्या १९.३ टक्के घट आली पाहिजे. १७ वर अडलात तर अभिक्रिया अपुरी आहे, पुन्हा दळून पुन्हा भाजा. २१ आली तर पावडर ओली होती किंवा सांडली.

एक्सआरडीमध्ये तांब्याच्या किरणांना मुख्य शिखर ३२.४ अंशांवर, दुसरं मोठं ४६.५ च्या आसपास. उरलेलं कार्बोनेट २५.२ वर दिसतं. अ‍ॅनाटेजचं शिखर २५.३ वर आहे हे लक्षात ठेवा, न भाजलेल्या मिश्रणात दोघांची गल्लत होते. भाजल्यावर मात्र उरलेलं टायटॅनियम डायऑक्साइड रुटाइल होऊन २७.४ वर सापडतं.

४. पेलेट दाबणं

पुन्हा थोडं दळून, कोरड्या पीव्हीएचं प्रमाण पावडरीच्या १ ते २ टक्के येईल इतकं त्याचं पाण्यातलं द्रावण मिसळा. कालवून, चाळून, दर पेलेटला ०.४ ग्रॅम.

प्रेसवरचा काटा टन दाखवतो आणि नवा माणूस “घट्ट बसू दे” म्हणून पाच टनांपर्यंत नेतो. १२ मिमीच्या डायचं क्षेत्रफळ ११३ चौरस मिमी. १०० मेगापास्कलला फक्त १.१५ टन पुरतात. पाच टन म्हणजे ४३० मेगापास्कलच्या वर. अशी पेलेट बाहेर काढताना छान दिसते आणि भाजल्यावर टोपी उडाल्यासारखी वरची चकती सुटते. दाब सावकाश सोडा, मिनिटभर तरी.

५. बाइंडर जाळणं, वेगळं आणि हवेत

मिनिटाला १ अंश वेगाने ६०० पर्यंत, तिथे दोन तास. “पुढे तापवायचंच आहे तर एकदम ट्यूबमध्येच टाकू” हा मोह आवरा. फॉर्मिंग गॅसमध्ये पीव्हीएचा कार्बन जळायला ऑक्सिजनच नसतो. तो आतच राहतो आणि पेलेट फुगते किंवा सच्छिद्र होते.

६. क्षपणकारी (ऑक्सिजन ओढून घेणाऱ्या) वातावरणात सिंटरिंग, म्हणजे पेलेट घट्ट होईपर्यंत भाजणं

इथे ग्रेन वाहक होतात. तापमान १,४०० अंश, वेळ तीन ते चार तास, वातावरण फॉर्मिंग गॅसचं. हायड्रोजन जाळीतून ऑक्सिजन ओढून घेतो, गेलेल्या प्रत्येक ऑक्सिजनमागे दोन इलेक्ट्रॉन मागे राहतात, आणि निओबियमचे इलेक्ट्रॉन आहेतच.

आधी सुरक्षितता. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की मिश्रण पेट घेऊ शकतं. म्हणून शुद्ध हायड्रोजन आणून स्वतः मिसळण्याच्या भानगडीत पडू नका, तयार मिश्रणच घ्या. सुरुवातीला फक्त नायट्रोजन सोडा. ट्यूब ६० मिमी व्यासाची आणि एक मीटर लांब असेल तर आतलं आकारमान २.८ लिटर. सहा वेळा बदलायला १७ लिटर लागतात, मिनिटाला अर्धा लिटर वेगाने ३४ मिनिटं. हा वेळ घड्याळ लावून द्या. बाहेर जाणारा वायू बबलरमधून फ्यूम हूडमध्ये न्या. बबलर दोन कामं करतो: हवा उलटी येऊ देत नाही, आणि बुडबुडे थांबले की गळती किंवा संपलेला सिलिंडर लगेच कळतो. खोली बंद असेल तर नायट्रोजनसुद्धा गुदमरवतो, आणि त्याला वास नसतो.

अ‍ॅल्युमिनाची ट्यूब झटका सहन करत नाही, त्यामुळे तापवताना आणि थंड करताना मिनिटाला ३ ते ५ अंशांच्या वर जाऊ नका. पेलेट थेट अ‍ॅल्युमिनाच्या बोटीवर ठेवली तर चिकटते. कॅल्सिन केलेली स्वतःचीच पावडर खाली पसरा.

दुसऱ्या बॅचच्या आधीची एक चाचणी मी इथेच घालवली होती. ९०० अंशांपर्यंत उतरलं म्हणून गॅस बंद केला, सिलिंडर वाचेल या हिशोबाने. त्या तापमानाला बाउंड्री हवेतला ऑक्सिजन आनंदाने घेते, फक्त तो किती घेतला हे तुमच्या हातात राहत नाही. २०० अंशांच्या खाली येईपर्यंत गॅस चालू ठेवा.

बाहेर काय यायला हवं? निळसर काळ्या, जरा चकाकणाऱ्या पेलेट. १२ मिमीच्या साधारण १० मिमी झालेल्या. घनता आर्किमिडीज पद्धतीने मोजा, सैद्धांतिक ५.१२, तिच्या ९५ टक्के म्हणजे ४.८६ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर मिळाली तर पुढे जा.

आता एक पेलेट घेऊन मल्टिमीटर लावा. नुसत्या प्रोबने बहुधा किलो-ओहम दिसेल आणि तुमचा धीर सुटेल. सुटू देऊ नका. हा रोध पेलेटचा नसून स्पर्शबिंदूचा आहे. दोन्ही बाजूंना इंडियम-गॅलियम कापसाच्या बोळ्याने चोळा आणि पुन्हा मोजा. काही ओहम, त्यातलेही बरेचसे तारांचे, इतकंच उरलं पाहिजे. ही पेलेट पुढे वापरायची नाही, बॅचमधली एक यासाठी बळी द्यावीच लागते.

ग्रेनचा आकार पाहायला तोडलेला पृष्ठभाग एसईएमखाली ठेवा. पॉलिश करून हवेत थर्मल एचिंग करायला गेलात तर जे पाहायचं तेच बदलेल.

७. बाउंड्री तयार करणं

सगळं यश-अपयश इथे ठरतं, म्हणून थोडं सविस्तर.

आतला ग्रेन काळा आणि वाहक राहायला हवा, आणि सीमेवर काही दशांश मायक्रॉनचा थर मात्र ऑक्सिजनयुक्त व्हायला हवा. हे जमतं, कारण ऑक्सिजन आणि डोपंट ग्रेनच्या पोटात शिरण्यापेक्षा बाउंड्रीच्या वाटेने कितीतरी लवकर धावतात. तुम्हाला त्या दोन वेगांमधल्या फरकाच्या खिडकीत काम थांबवायचं आहे. लवकर थांबलात तर बांध उभा राहत नाही, उशीर केलात तर ग्रेनही जातो.

सोडियम कशासाठी? त्याची संयुजा एक, स्ट्रॉन्शियमची दोन. सोडियम स्ट्रॉन्शियमच्या जागी बसतं (आकार १.३९ आणि १.४४ अँगस्ट्रॉम, म्हणजे शेजारीच), इलेक्ट्रॉन कमी करतं आणि बांध उंच करतं. सोडियम कार्बोनेट ८५१ अंशांना वितळतं, बिस्मथ ऑक्साइड ८१७ ला. दोन्ही द्रव होऊन सीमांवरून आत झिरपतात. शिशाचं ऑक्साइडही हे काम करतं, पण विषारी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

पेस्ट करा, दोन्ही बाजूंना पातळ आणि सारखी लावा, वाळवा. लावण्याआधी आणि नंतर पेलेट तोला. “दोन हात फिरवले” ही नोंद सहा महिन्यांनी तुम्हालाच निरुपयोगी वाटेल, मिलिग्रॅम मात्र उपयोगी पडेल.

हवेत १,०५० अंश, एक तास, इथून सुरुवात करा. आणि कृपा करून सगळ्या पेलेट एकदम टाकू नका. अठरा ग्रॅम पावडरीत चाळीसएक पेलेट होतात. त्यातल्या तीन-तीन घेऊन १,०००, १,०५०, १,१०० अंश आणि अर्धा, एक, दोन तास असा नऊ जोड्यांचा तक्ता भरा. २७ पेलेट खर्च होतील, पण तुमच्या भट्टीची, तुमच्या पावडरीची खिडकी कुठे आहे ते एकदाच कळेल. दुसऱ्याच्या भट्टीतले आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, माझेही नाहीत.

बाहेर काढल्यावर एक पेलेट मधोमध मोडून पाहा. आतून काळी, कडेला किंचित फिकट: ठीक. आतपर्यंत पिवळसर किंवा राखाडी पांढरी: गेली. या एका नजरेने मीटर लावण्याआधीच निम्मा निकाल कळतो. उरलेलं सोडियम पृष्ठभागावर असतं, डीआयोनाइज्ड पाण्याने धुऊन वाळवा. नाहीतर दमट दिवशी कडेवरून गळणारा करंट तुम्ही पेलेटचा म्हणून मोजाल.

८. इलेक्ट्रोड

सिल्व्हर पेस्ट ८ मिमी व्यासात लावा, कडेला १ मिमी मोकळी सोडा. १५० अंशांना वाळवून ६०० ते ७०० ला दहा मिनिटं. चांदी ९६२ ला वितळते, तिच्या जवळ जायचं कारण नाही.

९. मोजमाप, याच क्रमाने

आधी कपॅसिटन्स आणि लॉस (वाया जाणाऱ्या ऊर्जेचं प्रमाण), १ किलोहर्ट्झ, १ व्होल्टच्या आत. आधी जास्त व्होल्टेज देऊन मग कपॅसिटन्स मोजलात तर बाउंड्रीत अडकलेला भार आणि उष्णता आकडे हलवतात. ८ मिमीचा इलेक्ट्रोड, १ मिमी जाडी आणि १० नॅनोफॅरड मिळाले तर परिणामी परमिटिव्हिटी साधारण २२,५०० येते. लॉस, म्हणजे टॅन डेल्टा, काही टक्क्यांच्या आत हवा.

मग करंट-व्होल्टेज. १ मिलिअँपिअरला जे व्होल्टेज पडतं त्याला व्हॅरिस्टर व्होल्टेज म्हणायची रीत आहे, कमी व्होल्टेजच्या रिंगसाठी १० मिलिअँपिअरचंही घेतात. कुठलं घेतलं ते लिहा. सतत डीसी देऊ नका, पेलेट तापते आणि रेषा स्वतःहून सरकायला लागते. छोटे पल्स द्या. अल्फा असा: दोन करंटच्या गुणोत्तराचा लॉग भागिले दोन व्होल्टेजच्या गुणोत्तराचा लॉग. १ मिलिअँपिअरला १२ व्होल्ट आणि १० ला १६ व्होल्ट असतील तर अल्फा ८.

शेवटी सर्ज. प्रचलित लाट ८/२० मायक्रोसेकंदांची: साधारण ८ मायक्रोसेकंदांत शिखर, २० पर्यंत निम्म्यावर. लहान करंटपासून चढत जा, दर वेळी पेलेट पूर्ण थंड होऊ द्या, आणि व्हॅरिस्टर व्होल्टेज दोन्ही दिशांनी पुन्हा मोजा. मूळ आकड्यापासून १० टक्क्यांच्या आत राहिलं तर टिकली असं धरतात. एकाच दिशेने सर्ज दिले असतील तर बिघाडही एका दिशेला आधी दिसतो, म्हणून दोन्ही बाजू मोजायच्या. सर्ज देण्यापूर्वीच दोन दिशांत फरक असेल तर संशय इलेक्ट्रोडवर घ्या.

जाडी वाढवून फसू नका

व्होल्टेज कमी येतं म्हणून पेलेट जाड करण्याचा सल्ला तुम्हाला मिळेलच. जाडी दुप्पट केली की एकामागोमाग येणाऱ्या बाउंड्री दुप्पट होतात, व्होल्टेज दुप्पट होतं आणि कपॅसिटन्स निम्मा. गुणाकार तिथल्या तिथे. ग्रेनचा आकार बदलला तरी ढोबळमानाने हीच गत. म्हणून दोन बॅचची तुलना करताना मी कपॅसिटन्स आणि व्होल्टेजचा गुणाकारच बघते, इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ सारखं ठेवून. तो वाढला तर बाउंड्री खरोखर सुधारली. नाहीतर आपण नुसते बाउंड्रींची संख्या कमी-जास्त करत बसलो होतो. नऊ जोड्यांच्या तक्त्यातही प्रत्येक चौकटीत हा गुणाकार आणि शेजारी अल्फा लिहा.

निकाल बिघडला तर

कपॅसिटन्स प्रचंड आणि लॉसही प्रचंड. ही माझी दुसरी बॅच. मीटरवर १०० नॅनोफॅरड पाहून मी अख्ख्या लॅबला बोलावलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या सीनियरने शांतपणे विचारलं, “टॅन डेल्टा?” तो ०.६ होता, आणि पाच व्होल्टला पेलेट तारेसारखी वाहू लागली. बाउंड्री तयारच झाली नव्हती. वेळ किंवा तापमान एक पायरी वाढवा.

कपॅसिटन्स शे-दोनशे पिकोफॅरड, लॉस अगदी कमी, व्होल्टेज देऊनही करंट नाही. माझी पहिली बॅच. ग्रेनही ऑक्सिडाइझ झाला, साधं स्ट्रॉन्शियम टायटेनेट उरलं; वरच्या मापाच्या पेलेटला त्याचे १३० पिकोफॅरडच येतात. अशा पेलेट फेकू नका, फॉर्मिंग गॅसमध्ये पुन्हा नेऊन सराव करता येतो. मात्र सोडियम आत गेलेलं असतं, म्हणून त्यांचे आकडे मुख्य तक्त्यात घेऊ नका.

कपॅसिटन्स ठीक, पण अल्फा दोन-तीनच. बांध उभा आहे पण ठेंगणा किंवा असमान. सोडियम कमी पडलं असेल, नाहीतर ग्रेनचे आकार फार विषम असतील. एसईएमवर पाच मायक्रॉनच्या शेजारी पन्नास मायक्रॉनचे ग्रेन दिसले, तर मोठ्या ग्रेनच्या वाटेवर बाउंड्री कमी असल्याने करंट सगळा तिथूनच धावतो. सर्जमध्ये अशीच पेलेट एका टिंबाएवढ्या जागी जळून भोक पडते. ते भोक सापडलं की त्याच्या शेजारचा तुकडा एसईएमला लावा आणि मग पहिल्या पायरीवर परत जाऊन स्ट्रॉन्शियम-टायटॅनियमचं प्रमाण आणि दळण्याचे तास तपासा.